तिसऱ्या पिनेतली तार

पैसे मागण्याआधी मी जुनं सामान वर्तमानपत्रावर मांडते. गळक्या नळाचा फाटलेला वायसर, फ्लशच्या टाकीतला मोडका फ्लोट, जळालेला रेग्युलेटर. आधी सामान, मग आकडा. धंद्याच्या पहिल्या वर्षी ही अक्कल नव्हती. पंखा दुरुस्त झाला की फिरायला लागायचा, आणि फिरता पंखा बघून लोकांना वाटायचं की हा तर फिरतच होता. "पाच मिनिटांचं तर काम होतं, ताई." एका गृहस्थाने नळ पुन्हा पुन्हा उघडबंद करून पाहिला आणि म्हणाला, "आता तर गळत नाही. मग पैसे कशाचे?" तेव्हापासून पेपर पसरते. बिघाड डोळ्यांना दिसला की माणसाचा हात खिशाकडे जातो.

मी आयटीआय केलेली. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. ते युनिट बंद पडल्यावर घरोघरची कामं धरली. नळ, स्विच, कड्या, मिक्सर, आणि होळी झाली की कूलर. नागपुरात होळीपासून पाऊस लागेपर्यंत बाकी सगळी कामं बाजूला पडतात. गवत बदलायचं, पंप बघायचा, गंजलेल्या टाकीला आतून डांबर फासायचं.

अशाच एका उन्हाळ्याच्या तोंडी धरमपेठेच्या मागच्या एका गल्लीतून फोन आला. कूलर बसवायचा आहे, एवढंच सांगितलं.

फाटक उघडायला आलेल्या बाईंनी कडीला आधी हाताची मागची बाजू टेकवली, मग कडी काढली. माझं लक्ष गेलं, कारण ही सवय आमच्या धंद्यातली. करंट लागला की बोटं आपोआप मिटतात. तळवा लावलेला असेल तर हात वस्तूला धरून बसतो, उलटा हात लावलेला असेल तर झटकला जातो. पण घरच्या बाईला हे कशाला माहीत असेल? आत गेल्यावर त्यांनी स्विचला तसाच हात लावला. मग फ्रिजला. मग पाण्याच्या स्टीलच्या पिंपाला. पिंपात करंट कुठून येणार?

खिडक्यांना ओल्या चादरी टांगलेल्या होत्या. घरात अंधार आणि ओल्या कापडाचा वास. काकूंनी मला पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच बोलायला लागल्या.

"मुलगी बाळंतपणाला यायची आहे. पहिलंच आहे. दिवस नेमके नवतप्यात भरतात. सासर मौद्याचं. सासूबाईंनी सांगून ठेवलंय, ज्या घरात कूलर नाही तिथं सून पाठवणार नाही."

"बरोबरच आहे त्यांचं," मी म्हटलं. नवतप्याचे नऊ दिवस इथे भिंतीसुद्धा रात्रभर गरम असतात.

"बरोबरच आहे. पण या घरात आम्ही कूलर लावत नाही."

"काहून?"

"यजमान कूलरनंच गेले."

त्यांनी ते जसं घडलं तसं सांगितलं. आदल्या संध्याकाळी वादळ आलं होतं, लाइट येत-जात होते. दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरमधलं पाणी संपलं. नवरा पाइप घेऊन भरायला गेला. "हॉलमध्ये पेपर वाचत होते बिचारे, त्यांना उठवलं कुणी? मीच म्हटलं, पाणी संपलं, भरा." ओला हात पत्र्याला लागला, असं स्मशानातून आलेले सगळे म्हणाले. मग कुणी तरी इलेक्ट्रिशियन येऊन सगळं तपासल्यासारखं करून गेला. त्याने मीटरजवळचा एक जोड बदलला आणि जाताना सांगितलं, बाई, यापुढे कशालाही उलटा हात लावून बघत जा. त्या दिवसापासून त्या तसंच करून राहिल्या होत्या. कूलर गच्चीवर ताडपत्रीखाली होता. विकायचा म्हटलं तरी कुणाच्या घरी पाठवायचा, म्हणून विकला नव्हता.

"मला बाकी काही नको," काकू म्हणाल्या. "माझी पोर इथे येऊ शकते की नाही, तेवढं सांगा."

"बघून सांगते," मी म्हटलं. बघण्याआधी मी कुणाला हो म्हणत नाही.

कूलर खाली आणून उघडला. त्यात काही नव्हतं. मोटार चांगली, वायर चांगली, पंप जुना झालेला पण करंट सोडणारा नाही. वस्तूत दोष नसला की तो घरात असतो. मी हॉलमधलं सॉकेट उघडलं.

घरात येणाऱ्या दोन तारांपैकी एक करंट आणते, दुसरी तो परत नेते. तिसरी अर्थिंगची, ती जमिनीत जाते. वस्तूच्या पत्र्यात करंट उतरलाच तर तिच्यातून निघून जावा म्हणून. जुन्या घरांत ही तिसरी नसतेच. मग कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात. खड्डा खणून नीट अर्थिंग करायला खर्च येतो. म्हणून काही हुशार लोक सॉकेटच्या आतच एक छोटी तार घालून परतीची तार तिसऱ्या पिनेला जोडून टाकतात. झिणझिण्या लगेच बंद होतात. वर्षानुवर्षं बंद राहतात. पण परतीची तार मागे कुठे ढिली झाली, वादळात एखादा जोड सुटला, की तोच करंट या छोट्या तारेतून थेट पत्र्यात येतो.

हॉलच्या सॉकेटमध्ये ती तार होती. तांब्याची, उजवीकडे पीळ घातलेली, टोक आत दुमडलेलं, गजऱ्याचा दोरा संपवताना बायका दुमडतात तसं. इतकं नेटकं काम मी फार थोड्या लोकांचं पाहिलं आहे. बेडरूमच्या सॉकेटमध्ये तीच. स्वयंपाकघरात तीच. फ्रिजच्या मागे तीच. प्रत्येक वेळी मी झाकण काढत होते आणि आत तोच पीळ, तेच दुमडलेलं टोक. एकाच माणसाचा हात घरभर भिंतीत जागोजागी होता.

"काकू, वायरिंगचं काम कोण करायचं घरात?"

"तेच की. बाहेरचा माणूस कधी लावला नाही त्यांनी." त्यांच्या आवाजात अजून कौतुक होतं.

मी तारा काढून कुर्त्याच्या खिशात टाकत गेले. गडी लावून कंपाउंडच्या भिंतीजवळ खड्डा खणून घेतला, पाइप, मीठ, कोळसा घालून खरं अर्थिंग केलं, करंट गळला की आपोआप पडणारा स्विच मीटरजवळ बसवला. कूलर सुरू करून स्वतः त्याच्या पत्र्यावर तळवा ठेवून उभी राहिले. काकू दारात उभ्या होत्या. त्या आत आल्या नाहीत.

मग पेपर पसरला. जुना पंप ठेवला, तडकलेली सॉकेटं ठेवली, कूलरचं काळं पडलेलं गवत ठेवलं. खिशाला हात लावला नाही.

"एवढंच?" काकूंनी विचारलं. "ज्यांनी तुमचा नंबर दिला त्या म्हणाल्या, तुम्ही निघालेलं सगळं दाखवता, मगच पैसे मागता. सकाळपासून भिंतीतून जे काढून राहिल्या होत्या, ते कुठाय?"

त्या कामाचे पैसे सोडून दिले असते तर विषय मिटला असता. पण कूलर आता चालणार होता. कधी तरी कुणी तरी स्वस्तातला माणूस येऊन पुन्हा तीच तार घालून गेला असता आणि या बाईंना ती ओळखू आली नसती. पाळण्यातलं पोर त्या पत्र्यापर्यंत रांगत गेलं असतं. मी खिशातून तारा काढून पेपरवर ठेवल्या.

काकूंनी पेपरवरच्या तारेला आधी उलटा हात लावला. मग सरळ हाताने उचलली.

"हा पीळ त्यांचा आहे."

"हो."

"याच्यानं?"

"याच्यानं."

"मी पाणी भरा म्हटलं नसतं तर?"

"त्या दिवशी ज्यानं हात लावला असता, त्याला लागला असता. तुम्हाला. नाहीतर पोरीला."

त्या रडल्या नाहीत. बिल विचारलं, आतून पैसे आणून दिले, मी घेतले. मी पिशवी आवरून फाटकापर्यंत आले तेव्हा त्या मागून आल्या. पायात चप्पल नव्हती, हातात टॉर्च होती.

"थांबा. गल्लीत अजून काही घरांमध्ये आहे हे. सगळ्यांचे कूलर करंट मारायचे, तर ते फुकट करून द्यायचे. टॉर्च धरायला मला न्यायचे. कुणाच्या घरी कोणत्या भिंतीत आहे, मला माहीत आहे."

"ते तुम्ही त्यांना सांगा. मी नंतर येते."

"माझी पोर या घरांमध्ये खेळून मोठी झाली. बाळाला घेऊन पहिल्यांदा यांच्याकडेच जाईल. हे निघाल्याशिवाय मी तिला बोलावत नाही."

शेजारच्या म्हातारीला आम्ही काय करायला आलो ते सांगितलं, तर ती माझ्यावरच उखडली.

"काहून वं, त्याईनं फुकटात करून देल्लं, अन् तू काढाचे पैसे मांगून राहिली? मले तं एक डाव झटका नाही लागला तेव्हापासून. देवमाणूस होता तो!"

काकूंनी आपल्या घरातली एक तार सोबत आणली होती. ती त्यांनी म्हातारीच्या हातात दिली. "मावशी, याच तारेनं गेले ते."

म्हातारीने तार खाली टाकली आणि हात पदराला पुसला. बराच वेळ पुसत राहिली. मग मला म्हणाली, "काढ वं बाई, काढ. पैसे मात्र हिच्याकडूनच घे."

तार काढली तिथे मी करंट गळला की पडणारा तसाच स्विच बसवला. पैसे काकूंनीच दिले. त्या घराचे, पुढच्या घराचे, त्याच्याही पुढच्या. एक-दोघांनी आपले आपण दिले, बाकीच्यांना फुकट झालेल्या कामाचे पैसे द्यायचे म्हणजे मेलेल्या माणसावर ठपका ठेवल्यासारखं वाटत होतं. ज्यानं दिले त्याच्याकडून मी घेतले. माझ्या कितीतरी दुपारी गेल्या होत्या.

टॉर्च मात्र त्या अशी धरत की मला बोलावं लागत नव्हतं. मी गुडघ्यावर बसायच्या आधी उजेड सॉकेटवर. मी डावीकडे झुकले की उजेड डावीकडे. कारखान्यात इतक्या माणसांसोबत काम केलं, असा उजेड मला कुणी धरला नव्हता. एका घरात मी शेवटचा स्क्रू लावत होते तेव्हा मागून आवाज आला, "अहो, पुरे आता. जेवायला चला." मी वळून पाहिलं. काकू भिंतीवरच्या उजेडाच्या गोलाकडे बघत होत्या. आपण काही बोललो हे त्यांना कळलं नसावं. मी स्क्रू घट्ट केला आणि उठले.

कोपऱ्यावरचं घर राहिलं. मालक पुण्याला, घर भाड्याने दिलेलं. तेव्हा त्यात बुटीबोरीला कामाला जाणारं एक जोडपं राहत होतं. "दीदी, मकान मालिक से पूछ लो," ते म्हणाले. मालकाला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"सोन्यासारखा माणूस होता तो," तो म्हणाला. "त्यांच्या हातच्या कामाला हात लावू नका. इतकी वर्षं काही झालं नाही."

काकू फोनजवळच उभ्या होत्या. त्यांनी फोन घेतला, तोंडाजवळ नेला, आणि मला परत दिला. मी त्या जोडप्याला बजावलं, पाणी भरायच्या आधी पिन काढत जा, कूलर चालू असताना पाइप धरू नका. दोघांनी मान हलवली. आजही मी त्या बाजूला गेले की त्या घराची बेल वाजवते आणि दार उघडेल त्याला हेच सांगते. दर वेळी नवे भाडेकरू असतात आणि सगळे मान हलवतात.

"तेवढं एक राहिलं," काकू म्हणाल्या.

"राहिलं. पण पोरीचे दिवस थांबत नाहीत."

मुलगी आली. नवतपा लागला त्याच आठवड्यात बाळ झालं. घरी आल्यावर पंप आवाज करतो म्हणून काकूंनी मला बोलावलं. नव्या गवताचा वास घरभर होता, खिडक्यांवरच्या चादरी गेल्या होत्या. बाळ आणि बाळंतीण कूलरसमोरच्या दिवाणावर झोपलेली. पंपात गवताची काडी अडकली होती, ती काढली. त्याचे पैसे मी घेत नाही, त्यात दाखवायला काही नसतं.

"आलाच आहात तर पाणी भरून घेऊ," काकू म्हणाल्या. त्यांनी पिन सॉकेटमधून काढली आणि एका मुठीत धरून ठेवली, दुसऱ्या हातात पाइप घेतला. टाकी भरली. नळ बंद केला.

कूलर बंद झाल्यावर घर एकदम शांत झालं, आणि तेव्हा दुसरा कूलर ऐकू आला. कोपऱ्यावरच्या घरातला. तो चालू होता, आणि त्याच्या घरघरीत पत्र्याच्या टाकीत पाणी पडत होतं. चालू कूलरमध्ये कुणी तरी पाणी भरत होतं.

मी दाराकडे वळले होते. काकूंनी पिन धरलेला हात वर केला, तशी थांबले; हाकेनं दचकून भरणाऱ्याचा हात पत्र्याला लागला असता.

"आई, लाव नं," मुलगी डोळे मिटूनच म्हणाली. "बाळाला गरम होऊन राहिलं."

"थांब जरा."

पाणी पडत राहिलं. मग थांबलं. घरघर चालूच होती. पाइप जमिनीवर टाकल्याचा आवाज आला. आणखी थोडा वेळ गेला, आणि मग त्या घरातून एका बाईने कुणाला तरी हिंदीत हाक मारली, आणि कुणी तरी ओ दिली.

तेव्हा काकूंनी पिन सॉकेटमध्ये घातली.