घोडीचे कान आणि पॉइंट नाना

पाणी प्यायला उठले की पॉइंट नाना आमच्या खुर्चीमागे क्षणभर थांबायचे आणि नुसता आकडा सांगायचे. "दोनशे चाळीस." म्हणजे मी संगणकावर काढलेल्या साध्या जास्वंदीच्या कडेवर दोनशे चाळीस पॉइंट पडले होते, आणि नानांच्या मते ते काम पंधरा पॉइंटांत व्हायला हवं होतं. नासलेल्या दुधाबद्दल लोक ज्या सुरात बोलतात, त्या सुरात हा आकडा यायचा. मग ते शांतपणे पाणी प्यायचे. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शहाद्याच्या एसटी स्टँडसमोर आमचं फ्लेक्स आणि रेडियमचं दुकान. नाना मूळचे ब्रशवाले पेंटर. भिंती, पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, सगळं हातानं रंगवलेलं. फ्लेक्स आलं तेव्हा तालुक्यातले बाकीचे पेंटर कपाळाला हात लावून बसले. नाना पन्नाशीला टेकलेले असताना माउस धरायला शिकले. ब्रश एका दमात फिरवायचा, मध्ये थांबलं की रंगाची गाठ पडते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. संगणकावरचा पॉइंट म्हणजे त्यांच्या लेखी तीच गाठ. मी मात्र सहा महिन्यांचा कोर्स करून, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये प्रमाणपत्र घालून तिथे नोकरीला आले होते. नानांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि त्या दिवसापासून माझं नावच ठेवलं, "ओ सर्टिफिकेट!"

पॉइंट तीन जातीचे असतात, हे क्लासमध्ये सरांनी पुस्तकातून वाचून दाखवलं होतं. सरांनाही ते तिथेच भेटले असावेत. नानांनी ते दहा मिनिटांत समजावलं. प्रत्येक पॉइंटला दोन बाजूंना दोन दांड्या असतात, त्या ओढल्या की रेघ वळते. नाना त्यांना मिशा म्हणायचे. "पहिला टोकना पॉइंट. त्यान्या मिशा म्हंजे वाटनी व्हयेल भाऊ. एक इकडे जास, एक तिकडे, कोनी कोनले इचारस नही. दुसरा वळणना. नवरा-बायको. एक फिरना का दुसराले त्याच रेघमा फिरनं पडस, पन कोनी कितलं तानानं ते ज्यानं त्यानं. तिसरा जोडीना बैल. दोन्ही बाजू सारख्याच, लांबी बी सारखी." मी वहीत लिहायला लागले, तेव्हा वही मिटवून म्हणाले, "लिखू नको, देख. टोक तठे टोकच पाहिजे. भांडेल भाऊसले एक ताटमा बसाडं, ते ताटच फुटी."

आमचे शेठ वेगळ्या पंथाचे. फोटो टाकायचा, एक बटण दाबायचं आणि मशीननं आपोआप काढलेली रेघ गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायची, यालाच ते डिझाइन म्हणत. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस शुभेच्छुकांची तोंडं कोंबून त्यात ज्याचा वाढदिवस तोच सापडू नये, अशी कामं आमच्याकडून गावभर जायची, आणि शेठ ती रस्त्यावर उभे राहून कौतुकानं बघायचे. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "रस्तावर उभं राही कोन पॉइंट मोजस, नाना?" नाना म्हणायचे, "मी मोजस." मला तेव्हा दोघंही हास्यास्पद वाटत. मी स्वतःला फार हुशार समजत होते. प्रमाणपत्र होतं ना.

सारंगखेड्याच्या यात्रेआधी तिकडचे एक घोडेवाले अप्पा आले. त्यांना आपल्या घोडीचं चित्र रेडियममध्ये कापून हवं होतं, गाड्यांच्या दारांवर लावायला, वीस जोड्या. मोबाइलमधला फोटो दाखवत ते पुन्हा पुन्हा एकच सांगत होते, "कान दखा, नाना. दोन्ही टोके कशी एकमेकले टेकतस. या कानसवर मन्ही इज्जत शे." त्या जातीच्या घोड्यांची सगळी शान कानांतच असते. आत वळलेले, वर टोकदार, टोकाला टोक भिडलेलं. शेठनी लगेच सांगितलं, काम नाना करतील. अप्पाही नानांचं नाव ऐकूनच आले होते.

नाना दोन दिवस त्या घोडीपुढे बसले. सत्तेचाळीस पॉइंटांत घोडी उभी राहिली आणि मान वळवून बघते आहे असं वाटू लागलं. तिसऱ्या दिवशी त्यांना प्रकाशा गावी, घरी एका कार्यासाठी जायचं होतं. जाताना म्हणाले, "सर्टिफिकेट, फाईल तयार शे. फक्त मशीनवर लाव. हात लावू नको."

मी हात लावला. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं, तर कानाच्या टोकाशी रेघ एकदम मोडल्यासारखी दिसली. नानांचीही चूक होते, ती आपण सुधारावी, असा मोठेपणा माझ्या अंगात आला. सगळे पॉइंट एकदम निवडले, एका बटणानं सगळ्यांना वळणाचे केले, फाईल त्याच नावानं सेव्ह केली आणि कापायचं मशीन सुरू करून डबा खायला बसले. वाटणी झालेल्या सगळ्या भावांचं मी एका क्षणात लग्न लावून दिलं होतं. नानांची मूळ घोडी त्याच क्षणी कायमची गेली, हेही माझ्या ध्यानात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाना परत आले होते. अप्पांनी येऊन कागद उलगडला. खूर पोळीसारखे गोल, आणि डोक्यावर कान म्हणून दोन वांगी. "हाई मन्ही घोडी नही. हाई गधडं शे," एवढं बोलून ते बाकड्यावर बसले. शेठ वळले ते थेट नानांकडे. "नाना, हाई काय काढं तुम्ही? वय व्हयनं आते तुमनं."

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी टेबलावरची पट्टी सरळ करत बसले. नानांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते कागदाकडे आणि मग शेठकडे बघत होते, आणि त्यांच्या तोंडावर आकडा सांगतानाचा तोच भाव होता. "शेठ, इतला वरीस मन्हं काम दखं तू," ते म्हणाले. "तरी तुले वाटनं, हाई घोडी मन्ही शे?"

शेठना प्रश्नच कळला नाही. नानांनी चष्म्याचं घर खिशात टाकलं, डबा उचलला आणि निघाले. मी मागे धावले, रसाच्या गाडीपाशी गाठलं आणि रडत रडत कबूल केलं.

"माले माहीत शे. इतलं येडं काम तूच करू शकस," नाना म्हणाले. "तुन्हा राग नही. तू शिकशी. त्याले दिखसच नही, त्याना आठे कसाले बसू?"

मी परत येऊन शेठना खरं सांगितलं. ते म्हणाले, कोणी का केलं असेना, यात्रेआधी दुसरं करून द्या. एवढंच. मला त्या दिवशी शेठची जी किळस आली ती आजही गेलेली नाही, आणि स्वतःची आली ती त्याहून जास्त.

चार दिवस मी ती घोडी काढली. पॉइंटाला पॉइंट विचारून. कुठे टोक, कुठे वळण, छातीच्या उतारावर जोडीचे बैल. अप्पांनी कागदावर कानांच्या टोकांशी बोट ठेवलं आणि वीसही जोड्या घेऊन गेले. शेठ दारात उभे राहून म्हणाले, "दखं? नाना नाक मुरडी ऱ्हायनात, पन आखरीले घर बसी काढी दिधी ना नीट." चार दिवस मी त्यांच्यासमोर बसून काढलेली घोडी!

एक जास्तीची जोडी मी कापून ठेवली होती. सुट्टीच्या दिवशी प्रकाशाला गेले. नाना तापीकाठी एका नावेवर नाव रंगवत होते, ब्रश एका दमात फिरत होता. अक्षर पुरं होईपर्यंत थांबले. मग घोडी पुढे धरली आणि शेठ काय म्हणाले तेही सांगितलं.

नानांनी हात पुसले, चष्मा लावला, कागद उन्हात तिरपा धरला. मी आकड्याची वाट बघत होते.

"डावा कानले एक पॉइंट जास्ती शे," ते म्हणाले. मग कागद नीट गुंडाळून आपल्याच पिशवीत ठेवला आणि ब्रश पुन्हा रंगात बुडवला. "शेठ म्हनस का, हाई मन्ही शे? म्हनू दे. मन्हा नाववर हाई चाली जाई."