इस्त्रीवाला

लिफ्ट बसवणाऱ्या त्या कंपनीतून गिऱ्हाइकाला जाणारं प्रत्येक पत्र आधी याच्या टेबलावर यायचं. हा त्यातला खडबडीतपणा काढायचा, म्हणून ऑफिसात सगळे याला इस्त्रीवाला म्हणत. त्यात टोमणा आहे हे त्या दीडशहाण्याला कधी कळलंच नाही. उलट मिशीतल्या मिशीत हसायचा.

'नाही' हा शब्द त्याला वर्ज्य. मोडलेल्या वस्तूला तो 'विश्रांती हवी' म्हणे. घरी भाजी करपली तरी "चव जरा वेगळी लागतेय," आणि बायको कपाळावर हात मारून घ्यायची.

एकदा मिस्त्रीचा कागद आला: 'दोराच्या तारा तुटल्यात. लिफ्ट आजच बंद करा, नाहीतर माणूस मरेल.'

"शी! असं लिहितात का गिऱ्हाइकाला? अडाणी लेकाचा!" म्हणत याने नाक मुरडलं आणि लिहिलं: 'आपली ये-जा अधिक सुखकर व्हावी, यासाठी सवडीने एकदा पाहणी करून घ्यावी.' पत्र कुठल्या इमारतीला, हे बघायची तसदीही घेतली नाही. पत्ता टाकणं कारकुनाचं काम.

त्याच आठवड्यात थोरल्या बहिणीकडे जेवायला गेला, तर तेच पत्र तिच्या लिफ्टशेजारच्या फळ्यावर! 

"तुझ्या कंपनीचं ना रे? किती गोड लिहिलंय," म्हणत ताई भाजीची पिशवी सावरत लिफ्टमध्ये शिरली. "सवडीने म्हणतायत, तर पुढच्या महिन्यात बघू म्हणाले सगळे. ये ना आत."

आता तरी तोंड उघडावं की नाही? सख्खी बहीण! पण 'थांब' म्हणायचं तर पत्र कुणी लिहिलं तेही सांगावं लागणार. "तू हो पुढे. मी जिन्याने येतो, तेवढाच व्यायाम," म्हणाला मेला. लिफ्टचं दार लागलं.

तो धापा टाकत वर पोचला, तेव्हा ताई दारातच उभी होती. दोन पायऱ्या चढायचा कंटाळा करणारा हा माणूस! तिने त्याच्या पांढऱ्याफटक तोंडाकडे पाहिलं.

"लिफ्टला काय झालंय?"

"तसं किरकोळच गं ताई, सुरक्षिततेच्या दृष्टीने, सवड मिळेल तेव्हा..."

"म्हणजे तुला माहीत होतं. आणि मला एकटीला बसवून पाठवलंस?"

ताईने कठड्यावरून वाकून हाक दिली, "लिफ्टमध्ये बसू नका रे कुणी, मराल!"

सगळ्या मजल्यांना एका दमात कळलं. मग त्याच्याकडे न बघता ती पत्र फाडायला जिन्याने खाली गेली. जेवायला बस असं त्याला कुणी म्हटलं नाही.