शांत हाय

फळीवर उभं राहून लाटांशी खेळायला नातू उद्या कोकणात निघालाय. मोबाइलवर बघून म्हणाला, "आजी, दहा फुटी लाटा येणार! खाली खडक, नवख्यानं उतरायचंच नाही. मस्त ना?"

मला चावडीवरच्या रेडिओची खरखर ऐकू आली. बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. माण तालुक्यातलं आमचं कोरडं गाव आणि थोरला भाऊ मुंबईच्या बोटीवर खलाशी. आईनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पण तो खवळलाय म्हटलं की तिच्या घशाखाली घास उतरत नसे. रोज सांजंला ती मला हवामान ऐकायला पाठवायची आणि भाकरी थापता थापता विचारायची, "कसा हाय गं आज?"

त्या दिवशीही खवळलेलाच सांगितला होता. आई दोन दिवस उपाशी होती. मी म्हणाले, "शांत हाय." ती जेवली. भाकरीसंगं कोरड्यास पुन्हा वाढून घेऊन जेवली.

चौथ्या दिवशी तार आली. बोट त्याच सांजंला बुडाली होती.

आई रडली नाही. विझल्या चुलीपुढं बसून एवढंच म्हणाली, "आन् मी पोटभर जेवले गं."