पुढे परेश, मागे स्वप्नाली

परेश धारपवर माझा जीव आहे आणि त्याच्यावर माझा रागही आहे. दोन्ही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला खडूस म्हणायला नको.

परेश इथे आयर्लंडमध्ये, रिंगास्किडीच्या एका औषध कारखान्यात इंजिनियर आहे. माझा नवरा संजीव त्याच्याच विभागात. मशीन नीट चालतं हे कागदावर सिद्ध करायचं, हे यांचं काम. सगळ्या सह्या झाल्याशिवाय तिथे साधा व्हॉल्व्हसुद्धा कुणी उघडत नाही. बाकीचे लोक हा स्वभाव लॉकरमध्ये ठेवून घरी येतात, परेश तो घरी घेऊन यायचा. कढीत मीठ घालायचं तरी आधी चमचा निरखणार. स्वप्नाली, त्याची बायको, त्याला हसायची. कढी आहे रे, इंजेक्शन नाही, म्हणायची.

सायकल तेवढी त्याने कुणाच्या सहीशिवाय घेतली. मिरजेत क्लासला जाण्यापुरती चालवलेली, पण इथे कॅरिगलाइनला राहायला आल्यावर सायकल क्लबात गेला आणि पार वेडा झाला. रविवारी पाऊस असो, वारा असो, हा ते घट्ट कपडे चढवून बाहेर. क्लबची एक रीत आहे. पुढचा स्वार खड्डा, गाडी, वळण जे दिसेल ते ओरडून सांगतो, कारण मागच्यांना त्याच्या पाठीपलीकडचं काही दिसत नाही. डेनिस म्हणून एक निवृत्त पोस्टमन आहे, त्याने ही रीत परेशच्या अंगात भिनवली. पुढे तिचा काय उपयोग होणार होता हे तेव्हा कुणाला माहीत?

कारखान्याच्या कँटीनमधून बंदर दिसतं आणि तिथून फ्रान्सची बोट सुटते. लोक गाड्या, सायकली, कुत्री सगळं घेऊन चढतात. परेशने कुठल्याशा मासिकातून एक चित्र कापून आणलं होतं. फ्रान्सच्या दक्षिणेला एक नदी डोंगर चिरत खोल घळीतून जाते आणि खाली तळ्याला मिळते, कड्यावरून सायकलचा रस्ता, आणि पाणी हिरवंगार. इथे स्वयंपाकघरातल्या कपाटाला प्रेस म्हणतात, आता आम्हीही म्हणतो. तर चहाच्या प्रेसच्या दारावर आतून त्याने ते चिकटवलं. स्वप्नालीला तो हिरवा काही पटेना. छापताना रंग चढवलाय, असलं पाणी नसतं, हे तिचं म्हणणं. परेश म्हणायचा, खराच आहे. चहा करताना रोज हा वाद व्हायचा आणि दोघांना तो संपवायचा नव्हता.

मग ती पायऱ्या चुकायला लागली. संध्याकाळी गाडी चालवेना. तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार, कडेकडून अंधार आत येत जाणार, उपाय नाही, आणि किती वर्षं हातात आहेत ते सांगता येत नाही. तिच्या मामाचे डोळे असेच गेले होते, त्यामुळे तिला फार समजावावं लागलं नाही. घरी येऊन तिने प्रेसचं दार उघडलं आणि परेशला एवढंच म्हणाली, "बाकी काही मागत नाही. हा हिरवा खरा आहे का, तेवढं मला माझ्या डोळ्यांनी बघू दे."

आता कुणीही शहाणा माणूस काय करेल? पुढच्या शनिवारच्या बोटीत बसेल. पण आपल्या भारतीय पासपोर्टवर इथून फ्रान्सला जायला वेगळा व्हिसा लागतो. त्यासाठी पासपोर्ट त्यांच्या हवाली करायचा आणि परत येईपर्यंत थांबायचं. परेशच्या वडिलांची तेव्हा बायपास झालेली. पासपोर्ट तिकडे अडकला आणि मिरजेहून फोन आला तर? शिवाय आयरिश नागरिकत्वाचा अर्ज आता भरायचाच होता. तो पासपोर्ट आला की व्हिसाची कटकटच नाही, टूथब्रश घ्यायचा आणि बोटीत चढायचं. आमच्यातला जो तो हेच सांगत होता. आम्ही सगळे लोक असेच. आधी कागद, मग आयुष्य.

मी त्याला तोंडावर सांगितलं, अरे बाबा, व्हिसा काढ आणि घेऊन जा तिला, तुझ्या कागदांसाठी तिचे डोळे थांबणार आहेत का? तो म्हणाला, शुभदाताई, थोडेच दिवस राहिलेत. मग साथ आली, कचेऱ्या बंद पडल्या, अर्ज पडून राहिला. हा रोज सकाळी ईमेल उघडून बघायचा. त्याचं प्रेम कमी होतं असं कोण म्हणेल? कागद पूर्ण झाले की सगळं ठीक होतं, एवढंच त्याला आयुष्याने शिकवलं होतं. बाबांना काही झालं नाही. ते आजही मिरजेत रोज सकाळी फिरायला जातात.

नागरिकत्वाचा समारंभ किलार्नीला झाला. आम्हीही गेलो होतो. मोठा हॉल, बँड, देशोदेशीचे लोक नटूनथटून आलेले. स्वप्नालीने मोरपंखी पैठणी नेसली होती. शपथ झाली, टाळ्या झाल्या, आणि तिने माझा दंड धरून हळूच विचारलं, "झेंडा कुठल्या बाजूला आहे गं?" झेंडा सरळ आमच्या समोर होता. परेशनेही ते ऐकलं होतं.

पासपोर्ट घरी आला तोवर तिला उजेड आणि सावली यापलीकडे काही उरलं नव्हतं. परेशने तो उघडलासुद्धा नाही. आता कशाला जायचं, म्हणून बसून राहिला. उठवलं ते तिनेच. मलाही सायकलवर घेऊन चल, म्हणाली. डेनिसच्या गॅरेजमध्ये एक जोडसायकल होती, दोन सीटची. ती घासूनपुसून त्याने आणून दिली आणि ग्रँड, ग्रँड, म्हणजे इथल्या भाषेत झकास, म्हणत दोघांना वर चढवलं. मग दर रविवारी पुढे परेश आणि मागे स्वप्नाली. गूगान बाराच्या तळ्यापर्यंत, तिथल्या अरुंद खिंडीतून, सगळीकडे. तो ओरडायचा, खड्डा. चढ. डावीकडे वळतोय. मेंढ्या. ब्रेक. आणि मधेच, पाणी आलं, करडं आहे. कसलं करडं, ती विचारायची. तो विचार करून सांगायचा, भिजलेल्या पाटीसारखं. तो माणूस कधी नव्हे ते इतका बोलत होता.

पुढच्या जूनमध्ये आम्ही चौघं बोटीने गेलो. फ्रान्स उभा ओलांडून त्या घळीपर्यंत ती दोघं आमच्याच गाडीत होती, जोडसायकल टपावर. तिथून पुढे ती सायकलवर आणि आम्ही मागून हळूहळू. काच खाली केली की परेशचा आवाज यायचा, बोगदा आला, वाक, उजवीकडे कडा, डावीकडे खोल. पुढे एका वळणावर खाली तळं दिसायला लागलं, आणि त्याचा आवाज बंद झाला.

तळं हिरवं नव्हतं. वर कुठेतरी जोरात पाऊस झाला असणार, पाणी चहासारखं गढूळ झालं होतं. त्याने सायकल डोंगराच्या बाजूला उभी केली, स्वप्नालीला उतरवलं, आणि स्वतः रस्त्याच्या पलीकडे कठड्याशी जाऊन उभा राहिला. आम्हीही उतरलो. तो रडत होता. रडण्याचा आवाज तिला गेलाच असणार, ती सगळं ऐकते.

"बोलत का नाहीस?" तिने विचारलं.

"चुकलो गं मी," तो म्हणाला. "तेव्हाच आणायला हवं होतं तुला."

ती सीटवर हात ठेवून होती तशीच उभी होती. तिच्या तोंडासमोर हातभर अंतरावर नुसता दगड होता. दरी, पाणी, सगळं तिच्या पाठीमागे. त्या दगडाकडे बघत ती हसली.

"आणलंस की," ती म्हणाली. "दिसतंय मला. तूच बरोबर होतास. खराच आहे रे हा हिरवा, चढवलेला नाही."

मी तोंडावर पदर नाही, स्वेटरची बाही धरली. संजीव गाडीत जाऊन बसला. आणि तो परेश, जो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कशाखाली सही करत नाही, त्या मातकट पाण्याकडे बघत म्हणाला, "हो. खराच आहे."

परवा त्यांच्याकडे गेले होते. चहासाठी मी प्रेस उघडलं, चित्र तिथेच आहे. स्वप्नाली माझ्याबरोबर आलेल्या माझ्या नव्या भाडेकरू मुलीला, शिवांगीला, त्या तळ्याबद्दल सांगत होती, पाणी किती हिरवं होतं ते. कसलं हिरवं, असं शिवांगीने विचारलं, तर उत्तर परेशने दिलं. अगदी तपशीलवार, बारीकसारीक, ओरडून खड्डे सांगायचा त्या आवाजात. मी चहा गाळत राहिले.