ओदिलियाच्या वाळूवरची साय

आर्तिबोनित नदीच्या काठच्या आमच्या वाडीत ओदिलियाइतकी भांडकुदळ बाई दुसरी नव्हती, आणि तिच्याइतकं स्वच्छ पाणीही कुणाकडे नव्हतं. कॉलरा येऊन गेल्यावर तिच्या नवऱ्यानं, मेरिलियेंनं, अंगणात सिमेंटचा कमरेएवढा फिल्टर ओतला. तळाशी खडी, वर वाळू. वरून नदीचं गढूळ पाणी घालावं, नळीतून निवळशंख निघावं. वाळूच्या माथ्यावर चिकट साय धरते, ती घाण खाते. साय जिवंत असते. तिला रोज पाणी लागतं, आणि धक्का सोसत नाही. ओदिलिया नवऱ्याच्या कॉफीआधी सायीचं बघायची.

एकदा मेरिलियेंचा झुंजीचा कोंबडा फिल्टरच्या झाकणावर बसला आणि बसल्या जागी घाण करून उठला.

"घरात एक तर कोंबडा राहील नाहीतर मी," ओदिलिया म्हणाली.

"कोंबडा अधूनमधून जिंकतो तरी," मेरिलियें म्हणाला, आणि कोंबडा काखेत मारून टेकडीपलीकडे मेलेल्या आईच्या रिकाम्या खोपटात राहायला गेला.

दुसऱ्या दिवशी चार गडी घेऊन हजर. "फिल्टर मी ओतलाय. माझा आहे."

"वाळू हलली की साय मरेल, मेरिलियें."

"मरू दे. तुझी आई आहे का ती?"

फिल्टर बांबूला बांधून, रम पीत, गाणी म्हणत निघाले. वाटेत लोक टोप्या काढून विचारत, कोण गेलं?

तिकडे नळीतून चिखल येऊ लागला. मेरिलियें हट्टानं तोच प्यायला आणि झुडपांत मुक्कामाला गेला.

सकाळी ओदिलिया डोक्यावर बादली घेऊन टेकडी उतरली.

"मला बघायला आलीस?" तो पोट धरून म्हणाला.

"तुला कोण विचारतंय. सरक."

तिनं वाळू सारखी केली, बेतानं पाणी ओतलं आणि निघून गेली. मग रोजच जाऊ लागली. शेजारीण सोलांज, जिच्या लेकीची ओदिलिया धर्ममाता आणि म्हणून दोघी एकमेकींच्या कोमे, वाटेत गाठून म्हणाली, "कोमे, नवरा सोडून वाळूशी संसार मांडलास की काय?"

"वाळू उलट बोलत नाही, कोमे."

पुष्कळ दिवसांनी पाणी निवळलं. ओदिलिया पेलाभर प्यायली, पोटात काही गुरगुरतंय का याची वाट बघितली. नाही गुरगुरलं.

"आता फिल्टर माझ्या घरी चालला," ती म्हणाली.

"ने की. गड्यांना हाक मारू?"

तिनं वाळूकडे बघितलं. हलवला की साय परत मरणार. ती उंबऱ्यावर बसली. शेवटी म्हणाली, "गड्यांना सांग, माझा पलंग आणा."

वाडीत अजून म्हणतात, ओदिलिया नवऱ्याकडे परत गेली. ती म्हणते, "मी वाळूकडे राहायला गेले. हा तिथं आधीच होता."

हल्ली पाणी मेरिलियें भरतो. ती खुर्चीवर बसून बघते.

"हळू ओत," म्हणते. "अजून हळू."