विहीणबाईंना एक प्रश्न

माझ्या थोरल्या बहिणीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. नवीन कपडा ती शिवत नाही. पँट कमी करणं, कोट सैल करणं, तुटलेली चेन बदलणं, बारीक झालेल्याला बारीक आणि जाड झालेल्याला जाड करून देणं, हा तिचा धंदा. शेजारचं चष्म्याचं दुकान माझं. मधली भिंत नावाला आहे. ताईचं मशीन थांबलं की मला कळतं, आणि माझ्याकडे गिऱ्हाईक नाही हे तिला न सांगता कळतं.

ताईचा एक नियम आहे. ती तोंडी माप घेत नाही. कुणी कोट पाठवून "कमर बत्तीस करा" असा निरोप दिला, की कोट तसाच परत जातो. "बत्तीस लग्नात असेल. माणूस पाठवा," एवढंच ती म्हणते. गिऱ्हाइकं चिडतात, पण दुसरीकडे जात नाहीत. तिचं म्हणणं असं, की स्वतःचं माप सांगताना माणूस मुद्दाम खोटं बोलत नाही, पण खरंही बोलत नाही.

तिची एकुलती एक मुलगी बेबी. लग्न होऊन ती फार दूर गेली, स्पॅनिश बोलणाऱ्या देशात. जावई चांगला आहे, पण जहाजावर इंजिनियर, त्यामुळे वर्षातले बरेच महिने पाण्यावर. घरात बेबी आणि तिची सासू, दोघीच. बेबी तिथल्या एका कंपनीत कामाला लागली, कामावर बोलून बोलून भाषा शिकली. सासूबाईंना स्पॅनिशखेरीज दुसरं काही येत नाही, आणि आमच्या ताईला आपल्या भाषेखेरीज दुसरं काही येत नव्हतं. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा, त्यात बेबी दुभाषी.

तो कॉल म्हणजे बघण्यासारखा प्रकार. ताई आधी केस नीट करायची, मागचा चिंध्यांचा ढीग चादरीखाली ढकलायची आणि मला स्टुलावर बसवायची, फोन धरायला. तिकडे बेबी एका स्वच्छ भिंतीसमोर बसलेली. "कशी आहेस?" "मजेत. तू कशी आहेस?" "मजेत." मग विहीणबाई बाजूने डोकावायच्या. त्या हातवारे करत भलं मोठं काहीतरी बोलायच्या आणि बेबी सांगायची, "त्या म्हणतात, सगळं छान आहे."

"एवढ्या बोलण्याचं एवढंच?" एकदा ताईने विचारलं.

"त्यांना बोलायची सवय आहे गं," बेबी म्हणाली आणि हसली.

त्या दिवशी बेबीने हिरवं जाकीट घातलं होतं. जाण्याआधी ताईने आपल्या हाताने तिच्या अंगाबरोबर बसवून दिलेलं. फोन ठेवल्यावर ताईने ढिगावरची चादर काढली. मग म्हणाली, "खांद्याची शिवण दंडावर आली होती. पाहिलंस?"

मी कशाला पाहतोय. मी फोन धरून हात अवघडून बसलो होतो.

"वाळलीय ती. विचारलं तर म्हणेल डाएट करते. त्या घरात काय चाललंय ते मला तिच्या तोंडून नको. विहीणबाईंना विचारायचं."

"आणि विचारणार कशी? खुणा करून?"

"स्पॅनिश शिकून."

मला हसू आलं आणि ते मी लपवलंही नाही. साठी बुद्धी नाठी म्हणतात ते उगीच नाही, असं मी तिला तोंडावर म्हणालो. बावळटासारखं पुढे हेही म्हणालो, की हल्ली फोनच भाषांतर करून देतो, त्यालाच विचार. ताईने दातात धरलेली टाचणी काढली. "उद्या तुझ्या घरात काय बिनसलंय हे मी यंत्राकडून वदवून घेतलं तर तुला चालेल?" मला चाललं नसतं.

मग आमची क्लास शोधायची वणवण सुरू झाली. आमची म्हणजे तिची, मी फक्त मागे मागे.

पहिली संस्था मोठी होती. काचेचं दार, आत गारठा, टाय लावलेला एक हसतमुख तरुण. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्पॅनिशचे फायदे सांगितले. कितीतरी देशांत चालते, नोकरीत पगार वाढतो, प्रवासात अडत नाही, उतारवयात स्मरणशक्ती ताजी राहते. हे शेवटचं त्याने ताईकडे बघून जरा हळू सांगितलं. ताईने सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं, "मी एका बाईशी बोलू शकेन का?"

"कोणत्या लेव्हलपर्यंत करायचंय त्यावर आहे. पहिल्या परीक्षेत बोलणं नसतं."

"मग काय असतं?"

"रिकाम्या जागा."

ताईने एक तास बसून बघू देण्याची विनंती केली. त्याने हो-नाही करत बसू दिलं. वर्गात सगळे मान खाली घालून लिहीत होते. तासभरात शिक्षकाखेरीज कुणाचा आवाज ऐकू आला नाही. बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "शिकवतात चांगलं. पण हे माझ्या मापाचं नाही." निंदा केली नाही, हे मी मुद्दाम सांगतो. ज्याला परदेशात नोकरी हवी त्याने तिथेच जावं, असं ती नंतर एका गिऱ्हाइकाच्या मुलीला आपणहून म्हणाली.

दुसरा प्रयोग फोनवरचा. माझ्या सुनेने तिला एक अ‍ॅप घालून दिलं. सफरचंद लाल आहे, मुलगा पाणी पितो, मांजर टेबलाखाली आहे. बरोबर आलं की फोन टाळ्या वाजवायचा. ताई इस्त्री तापेपर्यंत सफरचंद खायची आणि इस्त्री निवेपर्यंत मांजर शोधायची. शब्द तिच्या तोंडात बसले, हे कबूल करायला हवं. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून चार शब्द माझ्याही कानात शिरले. पण काही आठवड्यांनी तिने फोन बाजूला ठेवला. "हा शाबासकी देतो, पण आपल्याला काही विचारत नाही. याच्यासमोर मी हुशार. माणसासमोर काय?"

शेवटी एका नर्सने पत्ता दिला. तिचा कोट ताईकडे यायचा. धोब्याच्या दुकानावर एक खोली, तिथे एक बाई शिकवायच्या. पुष्कळ वर्षं स्पॅनिश घरांतून मुलं सांभाळून परत आलेल्या. आम्ही मनातल्या मनात त्यांचं नाव मास्तरीणबाई ठेवलं. खोलीत एक गोल टेबल, दहा जागी खरचटलेलं, त्याभोवती त्या नर्ससकट थोडेसे विद्यार्थी. खालून साबणाचा वास यायचा. मास्तरीणबाईंनी फायदेबियदे काही सांगितले नाहीत. ताईला एकच विचारलं, "कुणाशी बोलायचंय?"

ताईने माझ्याकडे पाहिलं, मग खरं ते सांगितलं.

"मग आजच बोलायला लागा," बाई म्हणाल्या, आणि शेजारच्या ट्रक ड्रायव्हरशी तिची जोडी लावली. पहिल्या दिवशी ताई घामाघूम होऊन खाली उतरली, पण तिने तिथल्या तिथे नाव घातलं.

तिथे एकच भांडण झालं. मास्तरीणबाईंची पद्धत अशी, की एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं आणि लगेच उलट विचारायचं. ताई विचारण्यात पटाईत झाली. जेवते का, झोपते का, रडते का, भांडण होतं का. पोलिसात असती तर बढती मिळाली असती. पण तिला काही विचारलं, की उत्तर ठरलेलं: "मुय ब्येन." फार छान. ड्रायव्हरने विचारलं घरी कोण आहे, मुय ब्येन. नर्सने विचारलं रात्री काय जेवलात, मुय ब्येन. सगळे हसायचे.

"अहो, बोलणं दोन्हीकडून असतं," बाई म्हणाल्या. "तुम्ही अर्धीच भाषा शिकताय."

"मला माझं काही सांगायचं नाहीये," ताई म्हणाली. "मला फक्त विचारायचंय."

बाईंनी पुष्कळ समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी.

काही महिन्यांनी एका दुपारी ताईने शटर अर्धं ओढलं आणि मला हाक मारली. तिकडे तेव्हा सकाळ, बेबी कामावर गेलेली. तिने आजवर विहीणबाईंना एकटीने कधी फोन केला नव्हता. मी फोन धरला.

विहीणबाई ओल्या हातांनीच समोर आल्या. ताईला अवेळी पाहून त्यांचा चेहरा पांढरा पडला. इकडे काही बरंवाईट झालं की काय, असंच वाटलं असणार. ताईने घाईघाईने सांगितलं की सगळं ठीक आहे, काळजी नको. विहीणबाई बघतच राहिल्या. आपल्या विहिणीच्या तोंडून आपली भाषा त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. मग ताईने पाठ केलेला प्रश्न विचारला. माझी मुलगी सुखात आहे का?

बाईंचं बोलणं धबाधबा सुरू झालं. ताईने हात वर केला. "देस्पासियो." हळू. त्या थांबल्या, श्वास घेतला, आणि लहान मुलाला सांगावं तसं एकेक वाक्य करून सांगू लागल्या. ताई प्रत्येक वाक्याला मान हलवत होती आणि मधूनच मला हळूच अर्थ सांगत होती, बहुधा स्वतःच्याच खात्रीसाठी. काम चांगलं आहे. मुलगी गुणाची आहे. आमचं भांडण नाही. जेवण कमी झालंय. रविवारी तुमचा फोन झाला की ती खोलीत जाते, दार लावून रडते.

"का?" ताईने विचारलं.

विहीणबाईंनी फोनच्या काचेवर बोट ठेवलं. तुमच्यासाठी. ती म्हणते, आई एकटी आहे आणि मजेत आहे म्हणते. ती म्हणते, मी रडले तर आईला त्रास होईल. मी तिला दर रविवारी सांगते, आईला खरं विचार. ती विचारत नाही. मग त्या थोड्या पुढे झुकल्या. "इ उस्तेद?" आणि तुम्ही? कशा आहात?

आपल्या भाषेत ताईने काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. दुकान जोरात चाललंय, कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही, भाऊ भिंतीला भिंत लावून आहे, माझी कसली काळजी. चार वाक्यांत समोरचा गप्प. ही थाप मारायला शब्द लागतात, पुष्कळ लागतात, आणि तेच तिच्याकडे नव्हते. खोटं बोलायला भाषा चांगली यावी लागते. ताईचे ओठ "मुय" म्हणायला हलले. पुढचं येईना. मुलगी दार लावून रडते हे ऐकल्यावर कुणाला येईल?

"सोला," ती म्हणाली. एकटी. मग जड वजन उचलावं तसे एकेक शब्द काढत: घर मोठं. मी घरी जेवत नाही. रात्र लांब.

व्याकरणाच्या पार चिंधड्या झाल्या असतील. विहीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी एक खुर्ची ओढली आणि समोर नीट बसल्या. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. माझा हात दुखत होता, पण मी तो हलवला नाही.

फोन ठेवल्यावर मला रागच आला. वाईट वाटलं म्हणून राग आला. "मी शेजारी असून एकटी?" मी म्हणालो.

"तू दिवसा असतोस," ताई म्हणाली. "संध्याकाळी तू तुझ्या घरी जातोस. जायलाच हवं. त्यात तुझं काय चुकलं?"

तिने शटर वर केलं आणि एका गिऱ्हाइकाची पँट उसवायला घेतली.

रविवारी तिने केस नीट केले नाहीत. ढीगही झाकला नाही. मी स्टुलावर बसलो. बेबी त्याच स्वच्छ भिंतीसमोर आली.

"आई, कशी आहेस?"

"बरी नाही गं," ताई म्हणाली. "तू गेल्यापासून घरात जेवण जात नाही. दुकानातच उभ्या उभ्या काहीतरी खाते. तुझी फार आठवण येते."

विहीणबाई मागून आल्या आणि बेबीच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. यावेळी कुणी कुणाचं भाषांतर केलं नाही.

"आई," बेबी म्हणाली, "मी पण बरी नाही."

"मग सांग," ताई म्हणाली आणि माझ्या हातातून फोन स्वतःकडे घेतला. मी उठून माझ्या दुकानात गेलो.