आईने दिलेली माती

अमित, रेवा, तुमच्या पत्रात वाचले, की रेवाच्या हातावर तिथल्या डॉक्टरांनी थेंब टाकून टोचले आणि कशाने गांध उठते ते पाहिले. तुम्हाला ते नवे वाटले. मी तो प्रकार चौदाव्या वर्षी बारामतीत पाहिला आहे. आजवर घरात कुणाला सांगितला नाही; आता सांगते.

आमचे डॉक्टर नाडी बघण्याआधी माणसाचा हात ओरबाडत. गावाने त्यांना ‘ओरखडे डॉक्टर’ हेच नाव ठेवले होते. सुईने बारीक ओरखडे काढायचे, प्रत्येकावर वेगळ्या अर्काचा थेंब ठेवायचा आणि पाव तास घड्याळाकडे बघत बसायचे. दम्याचे, शिंकांचे मूळ ते असे शोधत. बाजरी फुलोऱ्यात आली की सुपे गावच्या स्वतःच्या शेतात जाऊन, कणसे कागदावर झटकून अर्कासाठी पिवळी पूड आणत. आठवड्यातून एकदा इंदापूरला जात. तिथले एक तात्या दर खेपेला म्हणत, “आमची मांजर रोजच ओरखडतीय. तिला बी डॉक्टर म्हना की.”

“मांजर वहीत लिहीत न्हाय, तात्या,” डॉक्टर शांतपणे सांगत.

सुट्टीच्या दिवशी ती वही मी लिहीत असे. माझे अक्षर चांगले होते आणि विलायतेची डॉक्टरी मासिके मी त्यांना वाचून दाखवी. ताडून बघायला निरोगी हातही लागतो, म्हणून माझ्याही हातावर ते ओरखडे काढत.

माझ्या आक्काला दमा होता. लग्नानंतर वर्षाच्या आत ती त्यापायी माहेरी परतली. डॉक्टरांनी आईला निरोप धाडला, आक्काची गादी झटकून निघेल ती धूळ पुडीत बांधून पाठवा. परक्या माणसाच्या हाती घरचा केर द्यायचा, या विचारानेच आई शरमली. तिने तुळशीजवळची माती घेतली, वस्त्रगाळ केली आणि पुडी माझ्या हातात दिली. “त्यांना काय कळतंय? जा,” म्हणाली. मासिके वाचणारी मी, अशाने तपासणी चुकेल हे मला कळत होते. तरी पुडी नेऊन दिली.

त्या मातीने आक्काच्या हातावर काही उठले नाही. बाजरीने थोडे उठले. ‘घरची धूळ: नाही’ असे मीच लिहिले. बाजरी फुलोऱ्यात आहे तोवर पोरीला घरात ठेवा, खिडक्या लावून घ्या, असे डॉक्टरांनी सांगितले. आक्का महिनाभर त्या बंद खोलीत, त्या जुन्या गादीवर होती. तिथेच ती गेली.

तेराव्यानंतर मी डॉक्टरांना खरे सांगितले. ते रागावले असते तर बरे झाले असते.

“चूक माझी हाय,” ते म्हणाले. “केर द्यायला बाईमाणसाला लाज वाटंल, हे माझ्या ध्यानात यायला पायजे हुतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू बोलली असतीस, तर...”

त्यानंतर ते स्वतः घरोघरी जाऊन, नाकाला फडके बांधून गाद्या झटकत. लासुर्ण्याची एक बाई गादी सोडून चटईवर निजू लागली आणि तिचा दमा उतरला. त्या बाईचे आईला मी कधी कळू दिले नाही.

डॉक्टरांचे लिखाण कुठे छापले गेले नाही. वह्या वाळवीने खाल्ल्या. त्यांनी ज्यांच्या हातावर ओरखडे काढले, त्यांच्यापैकी आता मी एकटी उरले आहे.